पाणी जरा कमी घाला

बाळाला सहावा महिना सरत आला की घरात एक सूचना सुरू होते. ‘पातळ कर गं, जड जाईल त्याला.’ सांगणारी कधी आजी असते, कधी शेजारच्या काकू, कधी मालिश करायला येणाऱ्या मावशी. पातळ म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. मग भाताच्या वरचं पाणी निघतं, वरण घोटण्याआधीचं निवळ पाणी निघतं. नाचणीची पेज होते तीही अशी, की वाटी हलवली तर पाण्यासारखी हिंदकळावी. खाली बसलेली डाळ घरातली माणसं भाताबरोबर खातात. ज्याचं वजन दर महिन्याला काट्यावर तोलायचं असतं, त्याच्या वाटणीला तिचं पाणी येतं.

सुरगाणा तालुक्यातल्या एका अंगणवाडीत ताईंनी आयांसमोर दोन वाट्या मांडल्या होत्या. दोन्हीत नागलीचीच पेज. इकडे नाचणी कुणी म्हणत नाही, नागलीच. पहिल्या वाटीतला चमचा तिरपा केला तर पेज सरळ ओघळली. दुसऱ्या वाटीतली चमच्याला धरून राहिली आणि जरा वेळानं संथपणे सुटली. ‘पोराचं पोट भरायचं का धुवायचं?’ ताईंनी विचारलं. बायका हसल्या. एका आजींना मात्र ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, ‘दात नाही त्याला, घशात बसंल.’ ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी दुसऱ्या वाटीतला चमचा आजींच्याच हातात दिला आणि नातवाला भरवायला सांगितलं. नातवानं निम्मं तोंडात ठेवलं, निम्मं हनुवटीवर सांडलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

या दोन वाट्यांतला फरक साध्या गणितानं कळतो. बाळाच्या जठरात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं. सात-साडेसात किलोच्या बाळाचं पोट म्हणजे फार तर मोठी वाटी. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला अंदाजे २०० किलोकॅलरी मिळायला हव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. आता दीडशे मिलिलिटरच्या वाटीत दोन लहान चमचे, म्हणजे दहा ग्रॅम पीठ घालून पेज केली तर त्यात ३२ किलोकॅलरी येतात. दोनशेचा आकडा गाठायला अशा सहा वाट्या लागतील, जवळजवळ एक लिटर. एवढं पाणी पोटात गेल्यावर दुधाला जागा कुठून उरणार? त्याच वाटीत पंचवीस ग्रॅम पीठ आणि एक चमचा तूप घातलं, तर आकडा सव्वाशेवर जातो. मग दोन वाट्यांत काम होतं आणि दूधही चालू राहतं.

पातळ पेजेनं बाळ उपाशी दिसत नाही, म्हणून तिची शंका येत नाही. पोट टम्म होतं, बाळ झोपतं, घरातले निश्चिंत होतात. वजनाचा आलेख आडवा व्हायला लागतो तो पुढच्या दोन-तीन महिन्यांत, आणि तेव्हा दोष दातांना, दृष्टीला किंवा आईच्या दुधाला दिला जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी ४५.९ टक्के बाळांनाच आईच्या दुधाबरोबर घन किंवा मऊ आहार मिळत होता. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी होती ११.३ टक्के. हे केवळ गरिबांच्या घरातलं चित्र असेल असं वाटत असेल, तर शहरातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात तासभर बसावं. ‘बाळाला काय देता?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर ‘डाळीचं पाणी’ हेच असतं.

*

तरी आजींना अडाणी ठरवायची माझी तयारी नाही. पेज पातळ करण्यामागे एक खरी अडचण आहे. धान्याच्या पिठातला पिष्टमय भाग पाण्यात तापला की फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि त्याची खळ होते. पंचवीस ग्रॅम साधं नाचणीचं पीठ दीडशे मिलिलिटर पाण्यात शिजवून पाहा. उकड होते, चमचा उभा राहतो. ती सहा महिन्यांच्या बाळाला गिळता येत नाही, जीभ तिला बाहेर ढकलते. म्हणून बाई पाणी वाढवते. पेज गिळण्याजोगी होते आणि त्याच क्षणी निकसही. घट्ट असावी आणि तरी गिळता यावी, या दोन मागण्या एका वाटीत बसत नाहीत, हाच खरा पेच आहे.

कोकणात, घाटमाथ्यावर, कर्नाटकात नाचणीला मोड आणतात तेव्हा हा पेच सुटतो. मोड येताना दाण्यात एक विकर तयार होतं, अमायलेज. रोप वर यायचं तर दाण्यातला साठा फोडून साखरेत बदलायला हवा, ते काम त्याचं. अशा मोडाच्या पिठाची पेज शिजवताना हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. साखळ्या तुटल्या की त्यांना पाणी धरता येत नाही आणि उकडीसारखी घट्ट झालेली पेज डोळ्यांदेखत सैल पडते. पीठ तेवढंच, कॅलरी तेवढ्याच, पण आता ती चमच्यावरून संथ ओघळते. चवही जराशी गोडसर होते.

प्रयोगशाळेत हे मोजलं गेलं ते १९८०च्या दशकात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देशिकाचार यांनी मोडाची नाचणी आणि मूग यांचं, गरम असतानाही सैल राहणारं बाळाचं पीठ १९८२मध्ये मांडलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची युक्ती दाखवली. सगळं पीठ मोडाचं असायचीही गरज नाही. साध्या पिठाची घट्ट लापशी करावी आणि तिच्यात चमचाभर मोडाचं पीठ ढवळावं, ती सैल होते. त्याच सुमारास टांझानियात हीच गोष्ट ज्वारी-बाजरीवर तपासली जात होती. त्याआधी शंभर वर्षं युरोपात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं गव्हाचं पीठ, दूध आणि मोडाच्या धान्याचं पीठ एकत्र करून बाळांसाठी ‘सूप’ बनवलं होतं. १८६०च्या दशकात ते विकलंही गेलं. डबाबंद बालआहाराच्या धंद्याची सुरुवात अशा मोडापासून झाली आहे. राजापूरकडच्या एका आजींना मी हे सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, ‘मग आमका कोणी इचारूक नाय तो?’

करायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती मधल्या मधे बिघडते. नाचणी चार-पाच पाण्यांनी धुवायची, कारण तिच्यात खडे आणि माती फार. रात्रभर भिजवायची. सकाळी निथळून फडक्यात बांधून ठेवायची, मधून मधून पाण्याचा हबका मारायचा. उन्हाळ्यात दीड दिवसात पांढरे बारीक मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात. मग पसरून खडखडीत वाळवायची. इथपर्यंत ठीक. यानंतर बहुतेक घरांत ती कढईत खमंग वास येईपर्यंत भाजली जाते. भाजणीची सवय, दुसरं काय. पण तेवढ्या आचेवर विकर मरतं, आणि मोड आणण्याची दोन दिवसांची खटपट निम्मी वाया जाते. नुसतं गरम करावं, ओलसरपणा जाईपर्यंत. मग मोड चोळून काढावेत, दळावं, चाळावं.

दुसरी गफलत शिजवताना होते. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की विकराला काम करायला सवडच मिळत नाही. ते साधारण साठ-सत्तर अंशांपर्यंत काम करतं, त्यापुढे निकामी होतं. म्हणून पीठ गार पाण्यात कालवायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि सतत ढवळत हळूहळू तापू द्यायचं. आधी पेज दाटते, मग अचानक सैल होते. सैल झाली की पाणी घालायचा मोह होत नाही. त्यानंतर दोन-चार मिनिटं चांगली उकळायची. ही शेवटची उकळी गाळू नये, कारण ओल्या फडक्यात दोन दिवस ठेवलेल्या धान्यात जंतूही वाढलेले असतात. पावसाळ्यात मोड आणून वाळवायच्या भानगडीत पडूच नये. कुबट वास आला किंवा काळपट बुरशी दिसली तर ते धान्य बाळाला तर नाहीच, कोंबड्यांनाही घालू नये.

आणि ज्वारीला मोड आणून बाळासाठी पीठ करू नये. ज्वारीच्या कोवळ्या मोडांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळे पोंगे खाऊन जनावरं दगावतात हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मोड अगदी निपटून काढले तर धोका कमी होतो, पण बाळाच्या वाटीत हा जुगार कशाला? ज्वारी द्यायचीच तर तिच्या कण्या आहेत. विदर्भात त्या मऊ शिजवून ताकाबरोबर खातात.

नाचणीचं सत्त्व काढण्याची अजून एक जुनी रीत आहे. नाचणी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायची, पाट्यावर ओली वाटायची, फडक्यातून पिळायची आणि खाली बसलेला पांढराशुभ्र साका वाळवायचा. ते दिसायला सुंदर असतं आणि बाळाला बाधत नाही. पण फडक्यात जो चोथा राहतो त्यातच नाचणीचा बराचसा जीव राहतो. कोंडा जातो, त्याबरोबर प्रथिनं, कॅल्शिअम, लोह यांचा मोठा भाग जातो. हाती येतं ते जवळपास निव्वळ पिष्ट. आजाऱ्याच्या पोटाला आराम म्हणून ते ठीक आहे. वाढत्या बाळाचा रोजचा आहार म्हणून त्यावर विसंबू नये, मग ते करणारे हात कितीही मायेचे असोत.

*

नाचणीचं कौतुक २०२३च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात इतकं झालं, की बाळाला नाचणी दिली म्हणजे सगळं दिलं असा समज पसरला. नाचणीतलं कॅल्शिअम खरंच थोर आहे. शंभर ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम, आपल्या पॉलिश केलेल्या तांदळात ते दहासुद्धा भरत नाही. पण नाचणी हे शेवटी धान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्येच काढलेल्या मार्गदर्शक सूचना तर असं सांगतात, की बाळाच्या आहारात पिष्टमय धान्यांचा भाग कमीच ठेवावा. प्राणिजन्य पदार्थ, भाज्या आणि फळं रोज हवीत, डाळी आणि तेलबिया नियमित हव्यात.

या बाबतीत आपल्या खिमटाची रचना नाचणीच्या पेजेपेक्षा शहाणी आहे. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, मंद भाजून, रवाळ दळून ठेवायची. लागेल तशी जिरं-हिंग घालून मऊ शिजवायची आणि वर तूप. धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्य भरून काढतं. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ या मापात दोघांचं बरं जुळतं. भाजण्यानंही पीठ थोडं कमी फुगतं, म्हणजे जराशी घट्ट वाटी गिळता येते. त्यात चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ टाकलं तर आणखी उत्तम. आणि तूप. एका लहान चमच्यात ४५ किलोकॅलरी असतात, म्हणजे पातळ पेजेच्या अख्ख्या वाटीपेक्षा जास्त. तूप नसेल तर शेंगदाण्याचं किंवा घरात असेल ते कुठलंही खाद्यतेल. गोव्यात तिझानात, म्हणजे नाचणीच्या गोड लापशीत, नारळाचं दूध घालतात तेही हेच काम करतं, फक्त बाळासाठी गूळ वगळायचा.

शेंगदाण्याची भीती घालवायला हवी. ‘कफ होतो, पित्त होतं, वर्ष होईपर्यंत नको’ असं घरोघरी सांगतात. २०१५मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उलट दिसलं. ज्या बाळांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिला, तर पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी झाली. ज्या बाळाला आधीच तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याला डॉक्टरांना विचारून द्यावा. बाकीच्यांना अगदी बारीक कुटाचा चिमूटभर पेजेत कालवायला हरकत नाही. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. मधाचं बोट चाटवणंही वर्षभर बंद. मधातून येणाऱ्या एका जिवाणूचं विष बाळाचे स्नायू लुळे पाडू शकतं. जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची पद्धत कितीही जुनी असली तरी ती सोडून द्यावी.

लोहाच्या बाबतीत मात्र घरचं पातेलं कमी पडतं, आणि हे घरच्या खाण्याचं गुणगान करणाऱ्या लेखांत सहसा सापडत नाही. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह फार थोडं. म्हणजे साठा संपण्याची आणि पेज सुरू होण्याची वेळ एकच. पंचवीस ग्रॅम नाचणीत जेमतेम एक मिलिग्रॅम लोह असतं आणि दाण्यातलं फायटेट त्यातलं बरंचसं शोषू देत नाही. मोड आणल्यानं फायटेट घटतं, संपत नाही. लिंबाचे चार थेंब, आवळ्याचा रस यांनी शोषण सुधारतं. गुळानं काही होत नाही, बाळाला झेपेल एवढ्या गुळात लोह नगण्य असतं. मांसाहारी घरांत यकृत, मटणाचा मऊ शिजवून वाटलेला खिमा, काटे काढलेला मासा सातव्या महिन्यापासून देता येतो. पण याच घरांत ‘उष्टावण झाल्याशिवाय, दात आल्याशिवाय, वर्ष झाल्याशिवाय’ अशी मुदत वाढत जाते आणि मोठ्यांच्या रविवारच्या मटणातला बाळाच्या वाट्याला रस्साच येतो. पुन्हा पाणीच.

२०१९-२१च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. म्हणून सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं औषध द्यायचं असतं. आशाताई ती बाटली घरी आणून देते. बाटली देवाच्या फळीवर जाते. शी काळी झाली म्हणून कुणीतरी घाबरलेलं असतं. शी काळी होणारच, त्याला घाबरायचं कारण नाही, हे वाक्य बाटलीबरोबर पोचलं तर निम्मं काम होईल. नाशिकमधल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला सांगितलं, की पुण्या-मुंबईहून माहेरी आलेल्या शिकलेल्या मुलीसुद्धा औषध नको म्हणतात, ‘नॅचरल’ काय देऊ विचारतात. डॉक्टर बाईंचं उत्तर ठरलेलं आहे: ‘अंडं दे, मासा दे, औषधही दे.’

*

पाकीट की घर, या भांडणात मला फार रस नाही, पण ते टाळताही येत नाही. बाळाच्या आहाराची जाहिरात भारतात करता येत नाही. १९९२चा कायदा आहे, २००३मध्ये तो आणखी कडक झाला आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विकलं जाणारं खाणं त्यात आलं. तरी पाकिटं घरोघरी आहेत. एप्रिल २०२४मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेनं दाखवलं, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या वाटीत सरासरी २.७ ग्रॅम साखर वरून घातलेली होती, आणि त्याच कंपनीच्या युरोपातल्या तशाच उत्पादनात ती नव्हती. नेस्लेनं साखर टप्प्याटप्प्यानं कमी केल्याचं सांगितलं, नंतर साखर न घातलेले प्रकार बाजारात आणले. संताप रास्तच होता. पण ज्या घरांत त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ही बातमी फिरली, त्यांतल्या किती घरांत बाळाच्या नाचणीच्या खिरीत दोन चमचे गूळ पडत होता? तो दहा ग्रॅम भरतो. गूळ घरचा म्हणून बाळाच्या जिभेला वेगळा लागत नाही. ती गोडाला चटावते आणि मग भोपळा, पालक तोंडातून बाहेर येतात.

उलट बाजूही आहे. चांगल्या पाकिटात लोह मोजून घातलेलं असतं. प्रवासात, आजारपणात, गॅस संपल्या दिवशी पाकीट उघडणाऱ्या आईनं अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. आजकाल ‘आईच्या हातचं सत्त्व’ म्हणून सहा-सहा सुकामेव्यांची पूड घातलेली पिठं समाजमाध्यमांवरून दामदुप्पट भावानं विकली जातात. ती कधी दळली, कशात दळली, किती टिकतील हे डब्यावर नसतं. त्यांच्यापेक्षा गिरणीतून स्वतः समोर उभं राहून दळून आणलेली तांदूळ-मुगाची भरड बरी. गिरणीवाल्याला मिरच्या दळल्यावर लगेच ते टाकू नको एवढं सांगितलं म्हणजे झालं.

खरा प्रश्न करणार कोण हा आहे. २०१७मध्ये मातृत्व रजा सव्वीस आठवड्यांची झाली. मोठा निर्णय होता. पण सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. ज्या आठवड्यात बाळाला दिवसातून दोन-तीनदा ताजं, मऊ, घट्ट काहीतरी करून, मांडीवर घेऊन, अर्धा तास खर्चून भरवायचं असतं, त्याच आठवड्यात आई कामावर हजर होते. पुढचं सगळं आजी, पाळणाघर किंवा कामाला येणाऱ्या बाईच्या हाती. हा अर्धा तास कमी झाला की वाटीत पाणी वाढतं, कारण पातळ पेज पटकन पाजता येते. तिला चमचाही लागत नाही, बाटलीच्या बुचाचं भोक मोठं केलं की भागतं. बाप भरवताना क्वचित दिसतो. दिसला तर त्याचा फोटो काढला जातो.

आणि ज्यांना सव्वीस दिवसांचीही रजा नाही, त्यांचं काय? दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, जव्हार-मोखाड्यातून वीटभट्ट्यांवर कुटुंबं जातात. सहा-आठ महिन्यांचं पोर उसाच्या फडाच्या कडेला झोळीत असतं. पहाटे चारला केलेली पेज दुपारपर्यंत पुरवायची. उन्हात सहा तास राहिलेली पातळ पेज म्हणजे जंतूंना आयतं घर. मग जुलाब, जुलाबात खाणं बंद, खाणं बंद म्हणून वजन खाली. त्यांच्यासाठी ताज्या पेजेचा उपदेश व्यर्थ आहे. भाजलेल्या धान्या-डाळीचं कोरडं पीठ, बरोबर तेलाची छोटी बाटली आणि उकळून झाकलेलं पाणी, म्हणजे ऐन वेळी कालवून देता येईल असं काहीतरी, एवढं त्यांना नेता येतं. गावची अंगणवाडी आणि फडाजवळची अंगणवाडी यांच्या वह्या एकमेकींना जोडल्या तर शिधाही त्यांच्यामागे जाऊ शकतो.

तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी नेण्याचा आहार देणं ही १९७५पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास योजनेची जबाबदारी. जव्हारच्या वावर-वांगणीतले १९९२चे बालमृत्यू गाजल्यानंतरही या आहाराचं काय झालं, त्याची कहाणी लांबलचक आणि कडवट आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००४मध्ये स्पष्ट सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी तो करावा. महाराष्ट्रात ठेके महिला मंडळांच्या नावावर निघत राहिले आणि कारखाने दुसऱ्यांचेच चालत राहिले. २०१९मध्ये न्यायालयाला सहा हजार कोटींहून मोठ्या रकमेचे ठेके रद्द करावे लागले. शिरा, उपमा, सुकडीची ती पाकिटं गावात कुठे जायची, हे गावात विचारलं तर बायका गोठ्याकडे बोट दाखवतात. याउलट आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपुढच्या मुलांना अंडी मिळू लागली, तेव्हा ती गोठ्यात गेली नाहीत. अंडं पाण्यानं वाढवता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

*

उष्टावणाचा समारंभ मला आवडतो. गृह्यसूत्रांनी त्याला सहावा महिना सांगितला आणि आजचं वैद्यकही तिथेच येऊन थांबलं. मामाच्या मांडीवर बसून अंगठीनं खिरीचं बोट चाटायचं, सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. पण मुलाला सम महिन्यात, मुलीला विषम महिन्यात, मग मुहूर्त, मग मामाची सुट्टी, असं करत ते आठव्यावर जातं आणि तोवर बाळ दुधावरच राहतं. समारंभ कधीही करावा. घास एकशे ऐंशीव्या दिवसाच्या आसपास सुरू करावा, तोही खिरीचा नको.

सुरू केल्यावर दुसरा महिना लागला की मिक्सर बाजूला ठेवायचा. शहरी घरांत गाजर, भात, डाळ, पालक सगळं एकत्र फिरवून हिरवट-तपकिरी लगदा होतो आणि वर्ष-दीड वर्ष तोच चालतो. कशाची चव कशी, हे त्या बाळाला कळतच नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या हजारो मुलांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की ज्यांना दहा महिन्यांपर्यंत गाठीगाठींचं, चावावं लागणारं काही मिळालंच नाही, ती पुढे खाताना जास्त त्रास देतात. हिरड्या मजबूत असतात, दातांची वाट पाहायची गरज नसते. सातव्या महिन्यात बोटानं कुस्करलेलं, नवव्यात काट्यानं किंवा पळीच्या पाठीनं जाडसर रगडलेलं, दहाव्यात हातात धरायला उकडलेल्या बटाट्याची फोड, पिकलं केळं, मऊ भाकरीचा तुकडा. बाळ ओकारी काढल्यासारखं करतं तेव्हा घरभर धावपळ होते. ती ओकारी म्हणजे घास पुढे सरकवण्याचा सराव असतो, आवाज येतोय तोवर श्वास चालू आहे. आवाज बंद होऊन बाळ निळं पडलं तर तो प्रसंग वेगळा. तेव्हा पाठीवर थापा कशा मारायच्या हे घरातल्या प्रत्येकानं, आजोबांनीसुद्धा, आधीच शिकून ठेवावं.

सुरगाण्याच्या ताईंकडे पेजेच्या वाट्यांशेजारी अजून एक ताटली होती. तिच्यात नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी, सगळं घरच्यासारखंच, फक्त तिखट आणि मीठ घालण्याआधी काढून ठेवलेलं. वर्षाच्या मुलासाठी. ‘मग पेज कधीपर्यंत द्यायची?’ एका आईनं विचारलं. ताई म्हणाल्या, ‘वर्षाचं झालं की पेज बंद. राहिलेलं पीठ तुम्ही खा, तुम्हालाही लागतं.’